आठवीच्या इंग्रजीचं वर्ष

जून उजाडला की शिक्षकांच्या खोलीत वार्षिक नियोजनाचे तक्ते भरायला सुरुवात होते. डावीकडे पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका, उजवीकडे महिने. जुलैत पाठ एक ते चार, ऑगस्टमध्ये पाच ते आठ, असं करत तासाभरात तक्ता मुख्याध्यापकांच्या सहीला जातो आणि पुढे वर्षभर टाचण वहीत पडून राहतो. भूगोलाचं यात फारसं बिघडत नाही. इंग्रजीचं बिघडतं. अनुक्रमणिका संपते, तरी मुलाने एकही इंग्रजी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं नसतं आणि मनातलं एक पानही इंग्रजीत उतरवलेलं नसतं. निबंध लिहिलेले असतात, पण ते गाइडातले, पाठ केलेले. 'माय मदर' या विषयावरच्या वह्यांचा गठ्ठा तपासायला घ्या. वर्गातल्या सगळ्या आया सारख्याच 'काइंड अँड हार्डवर्किंग' निघतात.

या प्रकरणात आपण एका वर्षाची आखणी करणार आहोत. नमुन्याला आठवी घेतली आहे. सातवी किंवा नववीला ती थोड्याफार फरकाने चालेल. आठवीच का? दहावीचं भूत अजून मानगुटीवर बसलेलं नसतं, क्लासचा ससेमिरा त्या मानाने कमी असतो, आणि तेरा वर्षांच्या मुलाला जगाबद्दल मतं फुटू लागलेली असतात. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी माध्यमातही पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं, म्हणजे आठवीतल्या मुलाने या भाषेत सात वर्षं काढलेली असतात. सात वर्षांनंतर तरी 'लीव्ह अ‍ॅप्लिकेशन'च्या पुढे जायला हरकत नसावी.

आधी दिवस मोजू. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीला वर्षाला 220 दिवस आणि 1000 तास अध्यापन व्हायला हवं. हे झालं कागदावरचं. त्यातून घटक चाचण्या, सहामाही, वार्षिक परीक्षा, क्रीडा सप्ताह, स्नेहसंमेलन आणि त्याआधीची तालमींची धामधूम, सहल, पावसाने पाण्यात गेलेले दिवस आणि निवडणूक असेल तर शिक्षकांची ड्यूटी वजा करा. नीट शिकवण्याचे तीस आठवडे हाती लागले तरी भाग्य समजायचं. पाठ्यपुस्तकही पुरं करायचंच आहे. तेव्हा आठवड्याला दोन तास वेगळे काढायचे. तीस आठवड्यांचे साठ तास. पुढचं सगळं या साठ तासांत बसवायचं आहे. घरी मुलांना घेऊन बसणाऱ्या पालकांनी शनिवार-रविवारचे दोन तास धरले तरी हिशेब तोच.

आखणी सुरू करायची ती एप्रिलपासून. वर्ष संपताना हे मूल कुणाच्या मदतीविना काय लिहू शकलं पाहिजे, हे आधी ठरवायचं आणि तिथून उलटं जूनपर्यंत यायचं. ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी 1998 साली या पद्धतीवर आख्खं पुस्तक लिहिलं आणि जगभरच्या शिक्षक-प्रशिक्षणात ती रूढ झाली. माझ्या मते आठवीच्या मुलाला चार गोष्टी यायला हव्यात. घडलेलं क्रमाने सांगणं. एखादा माणूस किंवा जागा वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभी करणं. स्वतःचं मत कारणं देऊन पटवणं. आणि आपणच लिहिलेलं पुन्हा हातात घेऊन सुधारणं. पुस्तकं निवडायची ती या चार कामांसाठी. 'अभिजात आहे म्हणून वाचायचं' हा निकष तेरा वर्षांच्या मुलापुढे टिकत नाही.

पुस्तकं किती? इथे उत्साही शिक्षक घसरतात. जूनमध्ये वीस पुस्तकांची यादी लागते आणि दिवाळीपर्यंत ती भिंतीवरून गळून पडते. इंग्लंडमध्ये, जिथे ही भाषा मुलांच्या घरातली आहे, तिथेही अकरा ते चौदा वयोगटाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात तीन वर्षांत मिळून शेक्सपिअरची दोन नाटकं आणि दर वर्षी किमान दोन लेखकांचा सखोल अभ्यास एवढीच अट आहे. त्यासोबत 1914 पूर्वीचं आणि आजचं, असं दोन्ही साहित्य वाचावं, जगातल्या इतर साहित्याचीही ओळख व्हावी आणि पुस्तकं अख्खी वाचावीत, असं त्यात म्हटलंय. यातला 'अख्खी' हा शब्द आपण उचलू या. आपल्या साठ तासांत दोन पूर्ण पुस्तकं, तीन-चार गोष्टी, मूठभर कविता आणि नाटकातला एक प्रवेश. याहून जास्त घेतलं तर वाचन उरकणं सुरू होतं.

पहिलं पुस्तक रस्किन बाँड यांचं 'द ब्लू अम्ब्रेला'. आकाराने लहान, इंग्रजी सोपं, आणि सोपं असूनही बालिश नाही. गढवालच्या डोंगरातली बिन्या ही मुलगी सहलीला आलेल्या शहरी बायकांची निळी छत्री पाहते आणि गळ्यातलं बिबट्याचं नख देऊन ती मिळवते. त्या छत्रीवर गावातल्या दुकानदाराचा, रामभरोसाचा, जीव जडतो आणि तो हळूहळू स्वतःची पत घालवून बसतो. पावसाळ्यात, ओल्या छत्र्या वर्गाच्या कोपऱ्यात निथळत असताना हे वाचायला घ्यावं. शिक्षकांनी मोठ्याने वाचावं, मुलांनी पुस्तकात पाहत ऐकावं. आठवीच्या मुलांना वाचून दाखवायचं म्हणजे त्यांना लहान समजणं, असं काहींना वाटतं. पण इंग्रजी वाक्याला कुठे श्वास घ्यायचा, कुठे आवाज चढतो, हे मूल कानानेच शिकतं. घरी त्याच्या कानावर हे पडण्याची शक्यता कमी.

वाचून झालं की प्रश्नोत्तरं द्यायची नाहीत. पुस्तक मिटायचं आणि एका मुलाला म्हणायचं, काय झालं ते सांग. शार्लट मेसन या इंग्लिश शिक्षिकेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ही पद्धत मांडली. मजकूर एकदाच, लक्ष देऊन वाचायचा आणि मुलाने तो आपल्या शब्दांत परत सांगायचा. मोठ्या मुलांनी लिहून काढायचा. ऐकायला हे अगदीच किरकोळ वाटतं. करून पाहिलं की कळतं, त्यात काय काय येतं: क्रम लावणं, महत्त्वाचं ठेवून बाकीचं गाळणं, कोण कुणाला काय म्हणालं याचं भान, आणि शब्द अडला तर वळसा घालून पुढे जाणं. मूल सुरुवातीला मराठीत सांगेल. सांगू द्या. दुसऱ्या वेळी अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी होईल. ऑगस्टच्या मध्यापासून तोंडी सांगणं इंग्रजीत आणि त्यानंतर दहा ओळी वहीत, एवढंच ठेवा. विचार मराठीत चालतोय म्हणून मुलाला गप्प बसवलं, तर विचारही थांबतो आणि इंग्रजीही येत नाही.

बाँडच्या गोष्टीत चर्चेला एक जागा फार चांगली आहे. शेवटी बिन्या ती छत्री रामभरोसाला देऊन टाकते. का? त्याने तर चोरी करवण्याचा प्रयत्न केला होता. वर्गात हमखास दोन तट पडतात. कुणाला ती मोठ्या मनाची वाटते, कुणाला खुळी. या वादातच मुलं पहिल्यांदा 'बिकॉज' हा शब्द गरजेपोटी वापरतात.

गणपतीनंतर सहामाहीपर्यंत गोष्टींचे दिवस. शेरलॉक होम्सची 'द अ‍ॅडव्हेंचर ऑफ द स्पेकल्ड बँड' ही 1892 सालची कथा मी इथे ठेवीन. भाषा जुनी आणि थोडी अवघड आहे, पण उत्सुकता मुलांना ओढून नेते. जमिनीला खिळवलेला पलंग, कुठेच न जोडलेली घंटेची दोरी, बाहेरच्या हवेत उघडण्याऐवजी शेजारच्या खोलीत उघडणारा झरोका. लेखकाने सगळे पुरावे आपल्यासमोरच मांडलेले असतात. मुलांना हे वर्णन एकदा वाचायला लावून खोलीचा नकाशा काढायला सांगा. नकाशा चुकला तर पुन्हा वाचावं लागतं. 'नीट वाच' असं दहा वेळा सांगून जे होत नाही ते इथे होतं. मग त्यांच्या घरातली एक खोली लिहायला द्यायची, अट एकच: खोलीत राहणाऱ्या माणसाबद्दल एकही वाक्य लिहायचं नाही, तरी तो माणूस कळला पाहिजे. आजोबांच्या खाटेखालची औषधांची पिशवी, खिडकीत ठेवलेला जुना रेडिओ, भिंतीवर तारखांना गोल केलेलं कॅलेंडर. 'काइंड अँड हार्डवर्किंग' हे शब्द इथे आपोआप गळून पडतात, कारण त्यांना जागाच उरत नाही.

आता लेखनाच्या अशा एका सरावाकडे येऊ, ज्यासाठी मी साठातले निदान सहा-सात तास राखून ठेवीन. तो शोधला एका मुलाने, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, बॉस्टन शहरात. बेंजामिन फ्रँकलिन तेव्हा आपल्या मोठ्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी करत होता. एका मित्राशी त्याचा पत्रांतून वाद चालला होता, विषय होता मुलींच्या शिक्षणाचा. ती पत्रं वडिलांच्या हाती पडली. वाद कुणाचा बरोबर यात ते शिरलेच नाहीत. शुद्धलेखन आणि विरामचिन्हं तुझी मित्रापेक्षा बरी आहेत, ते म्हणाले, पण मांडणी आणि नेमकेपणा यांत तू कमी पडतोस; आणि उदाहरणं काढून दाखवली. मुलगा मनावर घेणारा निघाला. त्याच सुमारास 'द स्पेक्टेटर' या लंडनच्या नियतकालिकाचा एक सुटा खंड त्याला मिळाला. त्यातला एक लेख घ्यायचा, प्रत्येक वाक्याचा आशय दोन-चार शब्दांत टिपून ठेवायचा आणि काही दिवस तो लेख बाजूला सारायचा. मग नुसत्या टिपणांवरून तो अख्खा लेख पुन्हा लिहायचा आणि मुळाशी ताडून पाहायचा. कुठे कमी पडलो ते स्वतःच शोधायचं आणि दुरुस्त करायचं. शब्दसंग्रह अपुरा पडतोय असं जाणवलं, तेव्हा त्याने गद्य गोष्टी पद्यात केल्या आणि विसरायला झाल्यावर पुन्हा गद्यात आणल्या. कधी टिपणांचे कागद मुद्दाम गोंधळात टाकून काही आठवड्यांनी त्यांचा क्रम लावला. विचारांची मांडणी शिकायला. हे सगळं त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय.

आपल्या वर्गात हे करायला एक परिच्छेद पुरतो. बाँडच्या पुस्तकातला आठ-दहा वाक्यांचा, एखाद्या दृश्याचा परिच्छेद निवडा. मुलं प्रत्येक वाक्यासमोर तीन शब्द लिहितील, मराठीत लिहिले तरी चालतील: 'ढग आले', 'गुरं परत', 'छत्री उघडली'. पुस्तकं गोळा करा. पुढच्या आठवड्यात त्या टिपणांवरून परिच्छेद पुन्हा लिहायचा आणि नंतर मूळ उघडायचं. आता गंमत पाहा. पहिल्यांदा मुलांना दिसतात ती हरवलेली 'अ' आणि 'द'. मग दिसतं की आपण सगळीकडे 'वेंट' लिहिलंय आणि बाँड यांनी दर वेळी वेगळं, नेमकं क्रियापद वापरलंय. मग एखादी चौकस मुलगी म्हणते, सर, त्यांचं पहिलं वाक्य छोटं आहे आणि दुसरं लांब, माझी सगळी एकाच मापाची झालीत. ही मुलगी एका तासात जे शिकली ते व्याकरणाच्या वहीत सापडत नाही. शिक्षकांचा लाल पेनही लागलेला नाही.

व्याकरणाचा विषय निघालाच आहे तर एक कडू गोष्ट सांगून टाकतो. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी 2007 साली 'रायटिंग नेक्स्ट' नावाचा अहवाल काढला. चौथी ते बारावीच्या मुलांना लेखन शिकवण्याच्या पद्धतींवर झालेले अनेक प्रयोग त्यांनी एकत्र करून तपासले. लेखनाचे टप्पे शिकवणं, सारांश लिहायला लावणं, जोडीने लिहायला बसवणं, छोटी वाक्यं जोडून मोठी करायला शिकवणं, हे सगळं उपयोगी ठरलं. नुसतं व्याकरण सुटं शिकवण्याचा लेखनावरचा परिणाम मात्र थोडा उलटाच दिसला. आपल्याकडे 'चेंज द व्हॉइस'वर जातात तेवढ्या तासांकडे पाहिलं की हा निष्कर्ष झोंबतो. परीक्षेला विचारतात म्हणून ते शिकवावं लागेल, मान्य. पण ते लेखन शिकवणं आहे असं समजू नये.

वाक्यं जोडण्याचा सराव मात्र रोज पाच मिनिटं करता येतो. फळ्यावर तीन वाक्यं लिहा: 'द शॉप वॉज क्लोज्ड. इट वॉज रेनिंग. ॲन ओल्ड मॅन स्टुड आउटसाइड.' यांचं एक वाक्य करा. वर्गातून पाच-सहा वेगवेगळी उत्तरं येतील आणि त्यातली बहुतेक बरोबर असतील. कुठलं जास्त आवडलं, का आवडलं, एवढंच विचारायचं. इंग्रजीच्या तासाला एकाहून जास्त उत्तरं बरोबर असू शकतात, याचा मुलांना बसणारा धक्का बघण्यासारखा असतो.

दिवाळीची सुट्टी संपली की वर्षातलं मोठं पुस्तक. माझी निवड ठाम आहे: अनिता देसाई यांची 'द व्हिलेज बाय द सी'. 1982 साली आलेल्या या कादंबरीला पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये 'गार्डियन'चा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. तिच्यातलं गाव अलिबागजवळचं थळ. समुद्रातल्या खडकांवर सकाळी फुलं आणि कुंकू वाहणारी लीला, दारूत बुडालेले वडील, आजारी आई, दोन धाकट्या बहिणी आणि घराचा भार अकाली खांद्यावर आलेला हरी. गावात खताचा कारखाना यायचा असतो. जमिनी जाणार, मासेमारी बुडणार म्हणून गावकरी मुंबईला मोर्चा नेतात. हरी त्यांच्याबरोबर जातो आणि तिथेच राहतो. एका खाणावळीत राबतो, शेजारच्या घड्याळं दुरुस्त करणाऱ्या पानवाला नावाच्या म्हाताऱ्याकडून काम शिकतो आणि दिवाळीला घरी परततो.

आपल्या मुलांना इंग्रजीतली बर्फाळ गावं आणि डॅफोडिल्स पुष्कळ वाचायला मिळतात. नारळाच्या झावळ्यांची झोपडी, रेवसची लाँच आणि मुंबईच्या पावसात तुंबलेली गल्ली इंग्रजीत वाचताना त्यांचं अर्धं काम झालेलं असतं, कारण चित्र ओळखीचं असतं. फक्त भाषेकडे लक्ष देणं उरतं. कोकणातल्या मुलांना तर यात लेखिकेच्या चुकाही सापडतील, आणि सापडू द्याव्यात. छापलेल्या इंग्रजी पुस्तकाशी वाद घालता येतो, हा शोध या वयात लागलेला बरा.

पुस्तक लांब आहे, म्हणून सगळं वर्गात वाचायचं नाही. आठवड्याला दोन प्रकरणं घरी, वर्गात त्यातली निवडक पानं. दर आठवड्याला मुलांनी शिक्षकांना किंवा मित्राला एक पत्र लिहायचं: कुठे कंटाळा आला, कुणाचा राग आला, पुढे काय होईल असं वाटतं. नॅन्सी ॲटवेल या अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या शिक्षिकेने आठवीच्याच वर्गात ही पत्रांची पद्धत वर्षानुवर्षं वापरली आणि 1987 साली 'इन द मिडल' या पुस्तकात मांडली. घरी जेवणाच्या टेबलाभोवती पुस्तकांविषयी जशा गप्पा होतात तशा वर्गात व्हाव्यात, असं त्यांना वाटे. त्यांच्या वर्गातली मुलं पुस्तकंही स्वतःच निवडत. 2015 साली पहिला 'ग्लोबल टीचर प्राइझ' त्यांना मिळाला आणि दहा लाख डॉलरची ती रक्कम त्यांनी आपल्या शाळेला देऊन टाकली. पुस्तकं मुलांवर सोडण्याइतकी कपाटं आपल्या शाळांत भरलेली नाहीत, त्यामुळे त्यांचं सगळं जसंच्या तसं उचलता येणार नाही. पत्रं उचलता येतात, त्यांना पैसे पडत नाहीत.

थळचा कारखाना हा मत मांडायला शिकवण्याचा तयार विषय आहे. यावा की नको? शेतकऱ्याचं म्हणणं एक, नोकरीची आस लागलेल्या पोरांचं वेगळं, आणि हरी दोन्हींच्या मधे. अर्ध्या वर्गाला एक बाजू, अर्ध्याला दुसरी. पहिला मसुदा झाला की बाजू बदलायची. कुरकुर होईल, होऊ द्या. समोरच्याचं म्हणणं त्याच्याच जोरात मांडता आल्याखेरीज त्याला उत्तर देता येत नाही, हे मुलांना हात दुखेपर्यंत लिहूनच कळतं.

याच ओघात 'ज्युलियस सीझर'मधला एक प्रवेश घ्या, तिसऱ्या अंकातला दुसरा. सीझरचा खून झालाय, लोक खवळलेत. आधी ब्रूटस बोलतो, मग अँटनी. ब्रूटस गद्यात बोलतो, तर्काने. लोक पटकन त्याच्या बाजूचे होतात. अँटनी पद्यात बोलतो, मारेकऱ्यांना मान देत देत त्यांची मुळं उखडतो आणि तेच लोक पाहता पाहता फिरतात. अख्खं नाटक आठवीत घेऊ नये. शब्दार्थ लिहून देण्यात सगळा वेळ जातो आणि शेक्सपिअर म्हणजे तळटिपा असा समज होतो. हा एक प्रवेश चार तासांत होतो. गोष्ट आधी मराठीत सांगून टाका. आगरकरांनी 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं, देवलांनी 'ऑथेल्लो'चं 'झुंझारराव' केलं. शेक्सपिअर मराठीतून समजून घेणं ही आपल्याकडची जुनीच वाट आहे. मग दोन मुलं बाकावर उभी राहतील, बाकीचा वर्ग रोमची गर्दी होईल. गर्दीचं काम करायला सगळ्यांनाच आवडतं.

कवितांना मी सहा तास देईन, डिसेंबर-जानेवारीत विखरून. निस्सिम इझिकेल यांची 'नाइट ऑफ द स्कॉर्पियन' घ्या: विंचू चावलेली आई, पावसाळी रात्र, कंदील घेऊन जमलेले शेजारी, मंत्र आणि औषधं दोन्ही करून पाहणारे वडील. विंचवाची गोष्ट प्रत्येक मराठी घरात असते. ती आजीकडून आणायला सांगा आणि इंग्रजीत लिहायला लावा. दुसरी निवड अरुण कोलटकरांच्या 'जेजुरी'तल्या एक-दोन कवितांची. 1976 साली आलेल्या या इंग्रजी संग्रहाला पुढच्या वर्षी राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला, आणि कवी मराठीतही तितकाच मोठा. घोड्याच्या नालाची जागा दाखवते म्हणून पन्नास पैसे मागत मागे लागणारी म्हातारी मुलांनी कुठल्या ना कुठल्या देवळापाशी पाहिलेली असते. कवितेचा 'सेंट्रल आयडिया' विचारायचा मोह टाळा. दोनदा वाचा, कुठला शब्द खटकला ते विचारा आणि तास सोडा.

आता वह्या. पन्नास मुलं, एका निबंधाला दहा मिनिटं, म्हणजे पाचशे मिनिटं. आठ तासांहून जास्त. दर आठवड्याला हे कुणाकडूनही होणार नाही, आणि होत नाही म्हणूनच गाइडातले निबंध सोयीचे पडतात. त्यावर उपाय असा: मुलांनी दर आठवड्याला लिहायचं, शिक्षकांनी प्रत्येकाची वही महिन्यातून एकदाच नीट वाचायची. दर आठवड्याला बारा-तेरा वह्या. बाकीचं लेखन मुलं एकमेकांना वाचून दाखवतील. वाचतानाही प्रत्येक वेळी एकाच प्रकारची चूक धरायची. या महिन्यात फक्त काळ, पुढच्या महिन्यात फक्त 'अ' आणि 'द'. मिना शॉनसी या अमेरिकन प्राध्यापिकेने न्यूयॉर्कमधल्या कच्च्या लेखनाच्या विद्यार्थ्यांचे ढीगभर पेपर अभ्यासून 1977 साली दाखवून दिलं की चुका आंधळ्या नसतात, त्यांच्यामागे काही तरी तर्क असतो. मराठीभाषक मुलाच्या इंग्रजीत तर तो स्पष्टच दिसतो. सगळ्या चुका एका वेळी लाल केल्या की मूल फक्त एवढंच वाचतं, की आपल्याला येत नाही. वहीच्या शेवटी एक वाक्य शाबासकीचं हवं, आणि तेही नेमकं: 'गुड' नको, 'रेडिओचं वाक्य आवडलं' असं.

फेब्रुवारी-मार्चचे उरलेले तास नवं काही लिहून घ्यायला वापरू नका. वर्षभरातलं एक लेखन प्रत्येक मुलाने निवडायचं आणि ते पुन्हा लिहायचं. पुनर्लेखन म्हणजे अक्षर चांगलं काढून फेअर कॉपी करणं, अशी मुलांची समजूत असते, आणि ती आपणच करून दिलेली आहे. त्यासाठी ॲन फ्रँकचं उदाहरण सांगा. 1944 च्या मार्चमध्ये लंडनहून होणाऱ्या रेडिओ प्रसारणात डच मंत्री बोल्केस्टाइन यांनी आवाहन केलं की युद्धानंतर लोकांच्या डायऱ्या आणि पत्रं गोळा केली जातील. लपून राहिलेल्या, चौदा वर्षांच्या ॲनने मे महिन्यापासून आपली डायरी सुट्या कागदांवर पुन्हा लिहायला घेतली. काही नोंदी गाळल्या, काही जोडल्या, काही नव्याने लिहिल्या, माणसांना दुसरी नावं दिली. ऑगस्टच्या 4 तारखेला ती आणि तिच्याबरोबर लपलेले सगळे पकडले गेले, तोवर ती हे काम करत होती. आपल्या वर्गातल्या मुलांच्याच वयाची ही मुलगी होती. तिची दोन-तीन पानं वाचल्यावर 'मी काय गाळू, काय वाढवू' हा प्रश्न मुलं स्वतःच विचारतात.

निवडलेलं लेखन टाइप करून, शिवून, त्याचं पुस्तक करा आणि वार्षिक परीक्षेच्या आधी शाळेच्या ग्रंथालयात ठेवा. पुढच्या वर्षीच्या आठवीला जूनमध्ये वाचायला पहिलं पुस्तक तेच द्यावं.

परीक्षेचं काय, हा प्रश्न पालकसभेत येणारच. साठ तास वाचन-लेखनात घालवलेल्या मुलाला न पाहिलेला उतारा वाचता येतो आणि पत्र, संवाद, वृत्तांत स्वतः लिहिता येतो. प्रश्नपत्रिकेतले बरेच गुण तिथेच असतात. तरीही 'अपेक्षित'शिवाय ज्यांना झोप लागत नाही त्यांनी ते घ्यावं, मार्चमध्ये.

एक काम मात्र तक्ता भरण्याआधी, मेच्या सुट्टीतच करा. शाळेच्या किंवा गावच्या ग्रंथालयात जाऊन निवडलेल्या दोन पुस्तकांच्या किती प्रती आहेत ते बघा. चार मुलांमागे एक प्रत लागते, पन्नास मुलांना तेरा. कमी पडत असतील तर पालक-शिक्षक संघाकडे आत्ताच मागणी करा, माजी विद्यार्थ्यांना फोन करा, जुन्या पुस्तकांच्या दुकानात फेरी मारा. पुस्तकं 15 जूनच्या आत वर्गात आली पाहिजेत.